कोर्ट मार्शलचे कागद वाचून देणारे वकील: साडेतीन स्टार

धाकटा भाऊ लष्करात नायक आहे. आई दवाखान्यात होती म्हणून रजा संपल्यावर २६ दिवस उशिरा युनिटला पोचला. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम ३९ (ब) लागलं. घरात ‘कोर्ट मार्शल’ हा शब्द आला आणि आईने थेट विचारलं, “गोळी घालतात का गं?” तेव्हा लष्कराच्या जॅग शाखेतून, म्हणजे कायदा विभागातून, निवृत्त झालेल्या एका वकिलांकडे गेले. दोन बैठका झाल्या.

मी म्हटलं, तुम्हीच उभे राहा. ते म्हणाले, “समरी कोर्ट मार्शल आहे, ताई. मला तिथे बोलता येत नाही.” समरीत कमांडिंग ऑफिसर एकटेच न्यायाधीश. आणखी दोघे हजर असतात, पण निकाल त्यांच्या हातात नसतो. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद, शिवाय नोकरीही जाऊ शकते. आरोपीला मदतनीस नेता येतो, वकीलसुद्धा; पण त्याने फक्त प्रश्न सुचवायचे, विचारायचे आरोपीनेच. आमचा पोरगा वर्गात कधी हात वर करायचा नाही!

मग समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे खटल्याआधी नोंदवलेले जबाब. (दोन्हीकडे ‘समरी’, या घोळात माझा अर्धा तास गेला.) साक्षीदार चार, आणि चौघांच्या जबाबाखाली एकच वाक्य: आरोपीने उलटतपासणी नाकारली. खाली भावाची सही. वकिलांनी चारही ठिकाणी पेन्सिलने गोल केले. तिथूनच भावाला फोन लावला. “ताई, साहेबांनी विचारलं काही विचारायचंय का. मी म्हटलं, नाही साहेब.” खटल्यात पुन्हा विचारता येतं, हे कळल्यावर जरा जीवात जीव आला. तरी तुम्ही जाणार असाल तर हे जबाब होण्याआधीच जा.

पैसे वसूल झाले ते एका गोष्टीत. बराकीत सगळे भावाला सांगत होते, कबूल कर, लवकर सुटशील. वकिलांनी कलमातल्या ‘पुरेशा कारणाशिवाय’ या शब्दांवर बोट ठेवलं. कारण दाखवायचंय ना, मग कबुली कशाला? आईचं डिस्चार्ज कार्ड आणि त्या दिवसांतल्या फोनची यादी त्यांनी मागवून घेतली. ‘सुटेलच’ असं एकदाही म्हणाले नाहीत, तेही बरं वाटलं.

दीड स्टार कापला तो फोनसाठी. आरोपपत्र हातात पडल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान ९६ तास मिळतात. त्यातले दोन दिवस यांनी फोन उचलला नाही. शिवाय दुसऱ्या बैठकीत अर्धा वेळ ट्रिब्युनलच्या, म्हणजे सैन्यदलांसाठीच्या न्यायाधिकरणाच्या, अपिलावर गेला. ते निकालानंतर करायचं. आत्ता त्याची घाई नव्हती.

सध्या रोज रात्री फोनवर मी साक्षीदार होते आणि भाऊ मला प्रश्न विचारतो. काल त्याने पहिल्यांदाच मला मध्ये अडवलं. “तेवढंच सांगा, जेवढं विचारलंय.”