लेन्स ‘खोलून’ दिली म्हणाला, बदलला होता फक्त मेनूतला आकडा

‘फोकस बसत नाही’ म्हणून डीएसएलआरची लेन्स दुरुस्तीला टाकणार असाल, तर आधी हे वाचा.

माझ्या 85 मिमी एफ/1.8 लेन्सवर फोकस डोळ्यावर धरला तरी डोळे मऊ आणि कानाजवळचे केस एकदम शार्प यायचे. म्हणजे बॅक फोकस, फोकस हव्या त्या जागेच्या मागे बसणं. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, मात्र त्याच लेन्सवर पापणीचा केस न् केस दिसायचा. दुरुस्तीवाल्याला हे आवर्जून सांगितलं. तो म्हणाला, “त्यावर जाऊ नका, आतली काच सरकलीय, पूर्ण खोलावी लागेल.” बॉडीही, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठेवून घेतली. बिलावर ओव्हरहॉल, काच अलाइनमेंट, सफाई असं सगळं लावलं.

परत आल्यावर 85 खरंच नीट चालली. पण कधीच त्रास न देणारी 50 मिमी बिघडली: जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाकाचा शेंडा शार्प, डोळे गेलेले. मेनू उघडला, तर एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (ऑटोफोकस किंचित पुढेमागे सरकवणारी सेटिंग) चालू, ‘सर्व लेन्सना सारखे’ हा पर्याय निवडलेला आणि आकडा उणे 14. तो शून्यावर आणला तशी 50 सुधारली आणि 85 पुन्हा पहिल्यासारखी झाली. टॉर्च मारून पाहिलं, तर 85 च्या पुढच्या काचेमागचा धुळीचा कण जागचा हललेलाही नव्हता.

व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना प्रकाश मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून खालच्या वेगळ्या एएफ सेन्सरवर जातो. ही वाट आणि इमेज सेन्सरपर्यंतची वाट यांत किंचित फरक पडला, की फोकस पुढेमागे होतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये सहसा इमेज सेन्सरवरूनच फोकस ठरतो, त्यामुळे तिथे हा दोष दिसत नाही. काच खरोखर सरकली असती तर फोटोची एखादी बाजू किंवा कोपरा मऊ आला असता, आणि तो लाइव्ह व्ह्यूमध्येही आला असता.

पैसे मोजण्याआधी घरीच तपासा. तिपाई लावा, स्टॅबिलायझेशन बंद करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, उजेड भरपूर घ्या. सेन्सरला समांतर छापील मजकूर आणि शेजारी तिरकी मोजपट्टी ठेवा. अंतर फोकल लेंग्थच्या साधारण 50 पट, म्हणजे 85 मिमीला सव्वाचार मीटर. प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम घालवा आणि बरेच फोटो काढा, कारण एकाच फोटोवरून काही ठरत नाही. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये काढून शेजारी ठेवून बघा. सगळ्याच लेन्स एकाच दिशेने चुकत असतील तर संशय बॉडीवर घ्या.

कॅनन-निकॉनच्या ज्या बॉडींत फोकस असा सरकवण्याची सोय आहे, त्यांत आकडा उणे 20 ते अधिक 20 असतो आणि तो बॉडीत साठतो. (सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचं टॅप-इन कन्सोल ही लेन्सला जोडायची उपकरणं मात्र दुरुस्ती लेन्समध्येच लिहितात.) म्हणून कॅमेरा देण्याआधी त्या मेनूचा फोटो काढून ठेवा आणि परत मिळाल्यावर, पैसे देण्याआधी, पुन्हा उघडून बघा. शक्य असेल तर लेन्स तिथल्याच दुसऱ्या बॉडीवर लावून तपासून घ्या.

मेनूचा फोटो समोर ठेवल्यावर दुरुस्तीवाल्याने सफाईचे पैसे गुपचूप परत केले. अलाइनमेंटचे अजून दिलेले नाहीत, मी मागतोच आहे.