स्पिअरमिंट की पेपरमिंट?

दोन्ही पुदिनेच, पण स्वयंपाकाला स्पिअरमिंट आणि चहाला पेपरमिंट, असं माझं सरळ मत आहे. फरक पानांतल्या तेलाचा. पेपरमिंटच्या तेलात साधारण ४० टक्के मेन्थॉल असतं. जिभेला लागतो तो गारवा त्याचाच. स्पिअरमिंटमध्ये मेन्थॉल नावापुरतं, वास येतो तो कार्व्होन या तेलातल्या दुसऱ्या घटकाचा, गोडसर. म्हणून मूठभर पानं वाटून घातली तरी बाकीच्या चवी दबत नाहीत. पेपरमिंट तेवढाच घालून बघा, जेवताना दात घासल्यासारखं वाटेल! चहाला मात्र त्याची पाच-सहा पानं पुरतात. उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण विसरलात तर निम्मा वास वाफेबरोबर गेलाच समजा.

ओळखायचं कसं? पेपरमिंटच्या पानाला छोटा देठ असतो, स्पिअरमिंटचं पान जवळजवळ खोडालाच चिकटलेलं.

लागवड सारखीच. फक्त पेपरमिंटचं बी शोधत बसू नका. तो संकर आहे, बी सहसा धरत नाही. काडी पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा. कुंड्या मात्र वेगवेगळ्या हव्यात, नाहीतर जोमाने पसरणारा दुसऱ्याला गिळून टाकतो.