मंडला, झेनटँगल की वहीतली ठिपक्यांची रांगोळी? ग्रुपवर शेअर करायचं असेल तर काय निवडाल

मन जरा शांत व्हावं म्हणून रोज काहीतरी काढायचंय आणि काढलेलं चार आवड असलेल्या लोकांना दाखवायचंय, एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच, की नेमकं काढायचं काय. मंडला, म्हणजे मधल्या बिंदूभोवती वर्तुळात वाढत जाणारी नक्षी शिकू, झेनटँगल, म्हणजे छोट्या चौकोनात पेनने भरायचे नमुने करू, की आपली ठिपक्यांची रांगोळीच वहीत काढू? यूट्यूबवर तिन्हीचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि प्रत्येकजण सांगतो की याने मन शांत होतं, आणि होतंच, तिन्हीने होतं. पण एकट्याने काढत बसणं वेगळं आणि ग्रुपमध्ये सगळ्यांबरोबर काढणं वेगळं, आणि शेअरिंग आलं की या तिघांचे स्वभाव एकदम वेगळे निघतात. माझं मत आधीच सांगून टाकते, ग्रुपसाठी झेनटँगल किंवा ठिपके यातलं एक घ्या आणि मंडला स्वतःसाठी ठेवा. का ते आता सविस्तर.

झेनटँगलपासून सुरू करते कारण त्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज दिसतात. कुठलंही काळ्या पेनने भरलेलं डूडल म्हणजे झेनटँगल असं लोक धरून चालतात, तसं नाहीये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे राहणारे रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी ही पद्धत बसवली. मारिया अक्षरकलाकार, एका मोठ्या अक्षरामागची नक्षी भरता भरता तिचं वेळेचं भान हरपायचं, ते तिने रिकला सांगितलं आणि तो आधी बरीच वर्षं संन्यस्त आयुष्य जगलेला माणूस, तो म्हणाला तू हे जे वर्णन करतेयस ते ध्यानच आहे. मग दोघांनी मिळून ते कुणालाही जमेल अशा पायऱ्यांमधे बांधलं. साडेतीन इंच बाय साडेतीन इंचाचा चौकोनी जाड कागद, त्याला टाइल म्हणायचं. काढण्याआधी क्षणभर थांबून कृतज्ञता, मग पेन्सिलने चार कोपऱ्यांत चार ठिपके, ते जोडून चौकट, चौकटीत एक मोकळी वळणदार रेघ जिला स्ट्रिंग म्हणतात, त्या रेघेने जे कप्पे पडतात त्यात पेनने नमुने, मग पेन्सिलचं शेडिंग, सही, आणि शेवटी टाइल हातभर लांब धरून बघायची. खोडरबर नाही. चुकीची वाटलेली रेघ पुढच्या नमुन्यात सामावून घ्यायची.

यात ग्रुपच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे आकार. सगळ्यांची टाइल सारख्याच मापाची, त्यामुळे दहा जणांच्या दहा टाइल्स एकाशेजारी एक लावल्या की आपोआप एक मोठं चित्र तयार होतं, कुणी नवखं कुणी मुरलेलं हे त्यात शोधावं लागतं. दुसरी, एक टाइल साधारण एका बैठकीत होते म्हणजे रोज किंवा आठवड्याला काहीतरी पूर्ण झालेलं दाखवता येतं. आणि तिसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, नमुने पायरीपायरीने दाखवायची पद्धत. एक नमुना चारपाच छोट्या चौकोनांत, प्रत्येक चौकोनात एक रेघ वाढवत नेलेली, याला स्टेपआउट म्हणतात. हॉलिबॉ, टिपल, क्रेसेंट मून, प्रँतॉं, फ्लोर्झ असे शेकडो नमुने असे नावानिशी फिरतात, टँगलपॅटर्न्स नावाच्या साइटवर तर त्यांची अक्षरवार यादीच आहे. त्यामुळे होतं काय की तुम्ही टाइल टाकली की खाली फक्त 'वा वा' येत नाही, कुणीतरी विचारतं डाव्या कोपऱ्यातला नमुना कोणता, तुम्ही नाव सांगता, आणि संध्याकाळपर्यंत तिघांनी तोच नमुना आपापल्या टाइलमधे वापरलेला असतो. एकाचं काढलेलं दुसऱ्याच्या हातात जातं. शेअरिंग म्हणजे मला तरी हेच वाटतं.

त्यातून खेळही सुचतात, सगळ्यांना एकच स्ट्रिंग द्यायची आणि कोण काय भरतं बघायचं, किंवा दोनच नमुने ठरवून द्यायचे आणि सगळी टाइल त्या दोन नमुन्यांनीच भरायची. ग्रुप नवीन असेल तर हे दोन खेळ पुष्कळ दिवस पुरतात.

अडचणीही आहेत. झेनटँगल हे नाव रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे आणि अधिकृत शिक्षक व्हायला त्यांचंच ट्रेनिंग घ्यावं लागतं, त्यामुळे तुम्ही काढा, दाखवा, कुणी अडवत नाही, पण त्याच नावाने क्लास किंवा वर्कशॉप सुरू करायचा विचार असेल तर आधी त्यांचे नियम वाचा. दुसरं सामान. मूळ किटमधे इटालियन कागद आणि मायक्रॉन ०१ पेन असतं, ०१ म्हणजे पाव मिलिमीटरची रेघ, आणि हे पेन साध्या जेल पेनच्या कितीतरी पट महाग पडतं. सुरुवातीला याची काहीही गरज नाही. जाडसर कार्ट्रिज पेपरचं ए-फोर पान घ्या, त्यातून ८.९ सेंटिमीटरचे सहा चौकोन आरामात निघतात, कुठलंही बारीक काळं पेन चालेल, शेडिंगला साधी पेन्सिल आणि पसरवायला कागदाची घट्ट सुरळी. फक्त एक, हातकागद दिसतो सुंदर पण त्याच्या खरबरीतपणाने बारीक पेनाचं टोक लवकर झिजतं, तेव्हा मायक्रॉन घेतलंच तर त्यावर नका चालवू.

आता मंडला. बघायला तिघांत सगळ्यात देखणं हेच, यात वाद नाही. मधला बिंदू, त्याभोवती वर्तुळं, कंपासने सहा भाग आणि ते अर्धे करून बारा, म्हणजे ३०-३० अंशांच्या रेघा, किंवा कोनमापकाने साडेबावीस अंशांच्या सोळा. मग प्रत्येक वलयात तीच पाकळी बारा वेळा. हे तीच गोष्ट परत परत करणंच खरं शांत करणारं आहे, डोक्यातली बडबड चौथ्या-पाचव्या पाकळीला कमी व्हायला लागते. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळचित्र काढायचा आणि त्यात त्याला त्या दिवसाची आपली मनःस्थिती दिसायची. त्याचं ते काढणं खाजगी होतं हे इथे लक्षात घ्या.

ग्रुपमधे मंडलाचा हिशोब जरा अवघड होतो. १४ सेंटिमीटरचं वर्तुळ, एकेक सेंटिमीटरची सात वलयं, प्रत्येकात बारा नग, म्हणजे ८४ वेळा काहीतरी काढायचं, आणि नवख्या हाताला यात तासन्‌तास जातात, पाचव्या वलयात एक पाकळी वाकडी गेली तर तीच डोळ्यात भरते कारण शेजारी अकरा सरळ आहेत. मग फोटो टाकायचा धीर होत नाही. उलट ज्यांचा हात बसलाय त्यांची मंडलं इतकी रेखीव असतात की खाली कमेंटमधे 'अप्रतिम' याशिवाय काही लिहिण्यासारखं उरत नाही, ती बघून नवी माणसं गप्प होतात. मी बऱ्याच ग्रुप्समधे बघितलंय, चारपाच जण टाकतात आणि बाकीचे फक्त लाईक करतात. शिवाय पिंटरेस्टवरचं उचलून आपलं म्हणून टाकलं यावरून होणारी कटकटही मंडलामधेच जास्त दिसते, कारण डिझाइन अख्खंच्या अख्खं फिरतं, त्याचा नमुना सुटा करून नावाने फिरत नाही. इलाज आहे, अख्खं मंडल न मागता ग्रुपने एका वलयाचा एकच नमुना शेअर करायचा असं ठरवलं तर मंडलाचाही ग्रुप छान चालतो, पण ते मुद्दाम ठरवावं लागतं.

आणि वर्तुळातच काही जादू आहे का, याचा प्रयोगही झालाय. २००५ साली अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग कुणाला छापील मंडल रंगवायला दिलं, कुणाला चौकड्यांचं डिझाइन, कुणाला कोरा कागद. मंडल आणि चौकडे दोन्हींनी अस्वस्थता सारखीच कमी झाली, कोऱ्या कागदापेक्षा जास्त. २०१२ साली तोच प्रयोग परत केला तेव्हा मात्र मंडल चौकड्यांच्या पुढे गेलं. हे रंगवण्याबद्दल आहे, काढण्याबद्दल नाही, तेव्हा यावरून फार ताणू नये. पण कोरा कागद पुढे आला की माणूस भांबावतो आणि थोडी चौकट दिली की स्थिरावतो, एवढं यातून धरायला हरकत नाही, आणि ती चौकट तिन्ही प्रकारांत आहे.

तिसरा प्रकार आपल्या घरातला. ठिपक्यांच्या रांगोळीचा फोटो कुठेही टाका, खाली पहिला प्रश्न ठरलेला, 'किती ठिपके?' आणि उत्तर चार शब्दांचं, '१५ ठिपके ते ८'. झालं! मधल्या ओळीत १५, वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, एकूण १६९ ठिपके, आणि एवढं कळलं की कोल्हापूरची रांगोळी न्यू जर्सीत काढता येते. कृती इतक्या कमी शब्दांत दुसऱ्याला देता येईल असा दुसरा चित्रप्रकार मला माहीत नाही. तमिळनाडूत सिक्कु कोलम या तिथल्या रांगोळीच्या प्रकारात तर ठिपके जोडतही नाहीत, त्यांच्याभोवतीने रेघ वळवत नेतात आणि ती सलग फिरून सुरुवातीला येते, आणि या वळणांचे नियम इतके पक्के आहेत की मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी यांनी १९७० च्या दशकात त्यावर गणिती व्याकरण बसवलं.

वहीत काढताना ठिपक्यांचा कंटाळा येतो हे खरंय. अंगणात काढताना लोक अगरबत्तीने भोकं पाडलेला कागद वापरायचे, तसा वहीसाठी आयसोमेट्रिक डॉट पेपर, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका वरच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो असा कागद, प्रिंट करून घ्या, पाच मिलिमीटर अंतराचा. गंमत म्हणजे त्यावर १५ ते ८ ची रांगोळी सात बाय सहा सेंटिमीटरमधे बसते, म्हणजे झेनटँगलच्या टाइलमधे अख्खी मावते, तेव्हा दोन्ही प्रकारची माणसं एकाच ग्रुपमधे एकाच मापावर काढू शकतात! बाजारात मिळणाऱ्या डॉट ग्रिड वह्या बहुतेक चौकोनी मांडणीच्या असतात, त्या ७ बाय ७ सारख्या सरळ ठिपक्यांना चालतील, मध्ये मध्ये पडणाऱ्या ठिपक्यांना नाही.

रांगोळीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कोण कोण येतं. झेनटँगल म्हटलं की आई, काकू, शेजारच्या आजी 'ते तुमचं काय ते' म्हणून लांब राहतात आणि ठिपके म्हटलं की त्यांच्या जुन्या रांगोळीच्या वह्या बाहेर येतात, कडा पिवळ्या पडलेल्या, मध्येच दुधाचा हिशोब लिहिलेला. त्या वह्यांचे फोटो कुठल्याही नवीन डिझाइनपेक्षा मोलाचे आहेत, प्लीज ते काढून ठेवा आणि ग्रुपवर टाका, कारण त्यातल्या कितीतरी रांगोळ्या फक्त त्या एका वहीत आहेत. मालकीचा प्रश्न इथे नाहीच, रांगोळी सगळ्यांची, फक्त कुणाच्या वहीतली ते लिहावं. कमतरता एकच, ठरलेले ठिपके ठरलेल्या रेघांनी जोडताना थोडं गणित सांभाळावं लागतं, एक जोड चुकली की पुढची सगळी बाजू फिरते, म्हणून फार दमलेल्या दिवशी मी ठिपक्यांपेक्षा टाइलच घेईन. आधी पेन्सिलने काढून मग पेन फिरवलं तर तेही सोपं जातं.

फोटोचा मुद्दा लोक विसरतात. झेनटँगलचा अर्धा जीव पेन्सिलच्या शेडिंगमधे असतो आणि व्हॉट्सॲपने फोटो दाबला की नेमकं तेच उडतं, टाइल सपाट दिसते. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, बरोब्बर वरून फोटो घ्या आणि पाठवताना एचडी निवडा. मंडल थोडं जरी तिरकं टिपलं तर वर्तुळाचं अंड होतं. रांगोळीला यातलं काही लागत नाही, नुसत्या रेघा असल्यामुळे कसाही फोटो वाचता येतो.

ग्रुप कुठे, हा विषय थोडक्यात. पंधरावीस ओळखीच्या माणसांसाठी व्हॉट्सॲप उत्तम, पण जुनं सापडत नाही. नमुने साठवायचे असतील तर फेसबुकचा प्रायव्हेट ग्रुप, तिथे अल्बम करता येतात. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसं बघतात, तिथे लाईक मोजायची सवय लागते आणि शांत व्हायला म्हणून सुरू केलेलं भलतीकडे जातं, निदान सुरुवातीचे काही महिने तरी मी तिकडे जायला सांगणार नाही.

तर, पूर्वी कधीच काही काढलं नसेल, 'मला चित्रकला येत नाही' असं वाटत असेल तर झेनटँगल घ्या. लहानपणी रांगोळी काढलेली असेल, किंवा घरातल्या मोठ्यांनाही सोबत घ्यायचं असेल तर ठिपके, दुसरा विचारच नको. हात थरथरत असेल किंवा नजर कमी झाली असेल तर टाइल मोठी कापा, पेन ०८ घ्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची रेघ, किंवा ठिपक्यांचं अंतर पाचऐवजी दहा मिलिमीटर करा. ज्यांना एकटं, बराच वेळ, कुणाला न दाखवता बसायचंय त्यांनी मंडला काढावं, आणि कधी दाखवावंसं वाटलंच तर एका वलयाचा नमुना सुटा काढून टाकावा.

आणि जे काही टाकाल त्याच्याखाली कृती लिहा. टाइल असेल तर नमुन्यांची नावं, रांगोळी असेल तर ठिपके किती ते किती आणि सरळ की मधले, मंडल असेल तर किती भाग. दोन ओळी लागतात फक्त, आणि जी बाई इतके दिवस नुसती बघत होती ती त्या दोन ओळींवरून आज रात्री वही काढून बसू शकते.