मुलांना जंगल दाखवायचंय: आंबोली की चिखलदरा?

महाराष्ट्रात थंड हवेची ठिकाणं पुष्कळ आहेत. पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी निसर्ग म्हणजे पॉइंटवर रेलून काढलेले फोटो, घोड्यावरची एक फेरी आणि परतताना बाजारातली खरेदी. मुलांना खरोखरचे प्राणी-पक्षी दाखवायचे आहेत, थोडं चालायचं-चढायचं आहे, आणि रात्री मात्र अंथरूण कोरडं नि जेवण गरम हवं आहे, असा हिशोब असेल तर माझ्या लेखी दोन गावं पुढे येतात. सिंधुदुर्गातली आंबोली आणि अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा. एक सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, सुमारे 690 मीटरवर. दुसरं सातपुड्याच्या गाविलगड डोंगरात, सुमारे 1,100 मीटरवर. दोन्हीकडे जंगल गावाला लागूनच आहे. पण या दोन जंगलांचा स्वभाव इतका वेगळा आहे, की एकाची अपेक्षा घेऊन दुसरीकडे गेलात तर पोरं चिडतील आणि तुम्हीही.

आधी शाळेचं कॅलेंडर काढा

निम्मा निर्णय इथेच होतो. आंबोली पावसाची. वर्षाला साधारण 7,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथलं सगळं जिवंतपण त्या पावसाशी बांधलेलं आहे. बेडूक, साप, रात्री मंद चमकणारी बुरशी, हे सगळं जून ते सप्टेंबरचं काम. म्हणजे नेमकी शाळा सुरू असतानाची वेळ. त्यात जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार घाटातल्या मुख्य धबधब्यावर गाड्यांची रांग, कर्कश गाणी आणि दारू पिऊन धिंगाणा घालणारे. लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत जाण्यात काही अर्थ नाही. सोमवार ते गुरुवारातले दोन दिवस शाळेतून सुटी मागून घ्या, नाहीतर गणपती आटोपल्यावरचा सप्टेंबर बघा. पाऊस सरीवर आलेला असतो, सड्यांवर, म्हणजे उघड्या सपाट कातळांवर, रानफुलं असतात आणि धबधब्याची हौस असलेली मंडळी घरी परतलेली असतात.

चिखलदऱ्याचं उलटं. तिथे पावसाळ्यात धुकं आणि दऱ्या सुंदर दिसतात, पण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या सफारी त्या काळात बंद असतात. प्राणी बघायचे तर दिवाळीनंतर ते मेअखेर. दिवाळीची सुटी, नाताळ, उन्हाळ्याची सुटी, सगळं या काळात बसतं. शाळा बुडवायला घरात कोणी तयारच नसेल, तर चर्चा इथेच संपली: चिखलदरा.

आंबोलीत काय दिसतं

मोठं काही दिसेल या आशेने आंबोलीला जाऊ नका. गवे आहेत, बिबट्या आहे, पण ते दिसणं नशिबाचा भाग. आंबोलीची खरी श्रीमंती बोटाएवढी असते आणि ती रात्री टॉर्चच्या उजेडात बघायची असते.

पाण्याच्या टाकीवर किंवा डबक्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसला तर थांबा. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी स्वतःच्या स्रावाला मागच्या पायांनी घुसळून फेस काढते आणि त्यात अंडी घालते. वरचा थर सुकतो, आत ओल टिकते. पिल्लं बाहेर पडायच्या वेळी फेस पातळ होतो आणि ती थेट खालच्या पाण्यात टपकतात. म्हणून तर घरटं बरोबर पाण्याच्या वरच. हिरवागार बेडूक, पायाच्या बोटांमध्ये लालसर-नारिंगी पडदे, आणि एका फांदीवरून दुसरीकडे झेप घेताना ते पडदे ताणले जातात. सात वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलं की पुढचा अर्धा तास मोबाइल कोणी मागत नाही.

दुसरा मानकरी अंबोली टोड, म्हणजे इथला भेक. त्याचं शास्त्रीय वर्णन 2009 मध्ये प्रसिद्ध झालं आणि तो अतिधोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये मोडतो. पहिल्या वळवाच्या-मोसमी सरी पडल्या की जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत त्याची लगबग होते. फार थोडे दिवस. मेची सुटी थोडी लांबवता आली आणि पाऊस वेळेवर आला, तर हा योग जमतो. कुशीवर पिवळे-नारिंगी पट्टे असतात, त्यावरून मुलंसुद्धा ओळखतात.

आणि साप. मलबारी चापडा विषारी आहे, पण स्वभावाने बसका. एकाच झुडपावर तासन् तास भक्ष्याची वाट बघत पडून राहतो, आणि ते झुडूप बरेचदा मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीचं असतं. म्हणूनच रात्रीची फेरी स्थानिक वाटाड्याशिवाय करायची नाही, हे माझ्या मते सक्तीचं आहे. आंबोलीत सरपटणाऱ्या प्राण्यांचा नि बेडकांचा नीट अभ्यास असलेली मुलं आहेत. ती कुठल्या फांदीवर काय बसलंय ते सांगतात आणि कुठे हात घालू नये तेही. पायात गमबूट, मुलाचा हात तुमच्या हातात, आणि डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने बेडकाला शिवायचं नाही. त्यांची कातडी त्या रसायनाला सहन करत नाही. खरं तर कुठल्याही हाताने शिवायचं नाही.

दिवसा हिरण्यकेशीला जा. नदीचा उगम गुहेतून, पुढे देऊळ, कुंड. कोकणच्या इतक्या जवळ उगम पावून ही नदी पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते आणि शेवटी कृष्णेमार्फत बंगालच्या उपसागरात जाते. भूगोलाच्या पुस्तकातला जलविभाजक इथे पायाखाली असतो. याच कुंडातल्या सोनेरी छटेच्या एका छोट्या माशाला 2020 मध्ये हिरण्यकेशीचंच नाव मिळालं आणि 2021 मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पाण्यात उतरायचं नाही, काठावरून बघायचं.

कावळेसाद पॉइंटला दरीतून वर उलटं उडणारं पाणी मुलांना वेड लावतं. तिथे कठड्याच्या अलीकडेच. वारा मोठ्या माणसालाही ढकलतो आणि खडक शेवाळलेला असतो. धुकं असेल तर मी मुलांना गाडीतून उतरवणारही नाही.

चिखलदऱ्यात काय दिसतं

इथे आधी एक गैरसमज दूर करू. मेळघाट 1973-74 साली निवडलेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, म्हणून लोक वाघ बघायला येतात आणि हिरमुसून जातात. वाघ आहेत. पण हा डोंगराळ, घळ्यांचा, पसरलेला मुलूख. वाघ वळणाआड गेला की गेला. वाघच हवा असेल तर सरळ ताडोबा गाठा, इथे पैसे नि उमेद दोन्ही वाया घालवू नका. मेळघाटात यायचं ते गवा, सांबर, भेकर, चौशिंगा, रानकुत्री आणि अस्वलासाठी. मार्च-एप्रिलात मोह फुलतो तेव्हा खाली पडलेल्या फुलांसाठी अस्वलं येतात. सागाची पानगळ झालेली असते, नजर लांबवर जाते, आणि वाळक्या पानांवर सांबराचं एक पाऊल पडलं तरी सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीत सगळे गप्प होतात.

चिखलदऱ्यात मुक्काम ठेवून वैराटची फेरी करता येते. हा मेळघाटातला सर्वांत उंच भाग. इथलं गाव पुनर्वसित झालं आणि शेतांच्या जागी गवताळ माळ तयार झाला, त्यावर गवे चरायला येतात. उघड्यावर, पूर्ण कळप, पिल्लांसकट. सेमाडोह, कोलकास आणि हरिसाल हे दुसऱ्या बाजूचे पर्याय. कोलकासचं विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर आहे आणि तिथे एक रात्र मिळाली तर चिखलदऱ्यातली एक रात्र खुशाल कमी करा.

पण मला विचाराल तर मेळघाटातला सगळ्यात मोठा मानकरी वीतभर आहे: रानपिंगळा. 1884 नंतर तो कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता, नामशेष झाला असंच धरलं गेलं, आणि 1997 मध्ये महाराष्ट्रातच शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मेळघाट हा त्याचा मोठा आधार. घुबडाच्या जातीचा असून तो दिवसा वावरतो, सकाळच्या उन्हात निष्पर्ण सागावर बसलेला असतो. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. दुर्बीण मुलाच्या हातात द्या आणि ठिपके आहेत की नाहीत एवढंच विचारा.

अडचण एकच, पण मोठी: बसून राहणं. पहाटे उठायचं, डिसेंबर असेल तर उघड्या जिप्सीत कानटोपी-स्वेटरसकट कुडकुडायचं, आणि कित्येक तास खाली उतरायचं नाही, ओरडायचं नाही. पाच-सहा वर्षांचं मूल तासाभराने "घरी कधी जायचं" सुरू करतं, यात त्याची चूक काही नाही. नऊ-दहा वर्षांपुढची मुलं मात्र यात रमतात.

धावपळीची सोय गाविलगडावर होते. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला हा किल्ला आता व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. आत तलाव, दरवाजांवरची शिल्पं, तटावरून दिसणाऱ्या दऱ्या. अर्धा दिवस आरामात जातो. भीमकुंडाजवळ कीचकवधाची गोष्ट सांगायला आजोबा बरोबर असतील तर उत्तम. आमझरीला साहसी खेळांची सोय आहे, वयाची नि वजनाची अट तिथे आधी विचारा. रबडी मात्र न विचारता खावी.

जाणं आणि खर्च

मुंबईकराला आंबोली सोपी: कोकणकन्या किंवा तुतारीने सावंतवाडी रोड, तिथून घाटाने साधारण तासाभराचं अंतर. कोल्हापूर-बेळगावकरांना तर दोन-तीन तासांत. पावसात दरडीची बातमी बघून निघा आणि अंधार पडायच्या आत घाट चढा. चिखलदऱ्याला रात्रीच्या गाडीने बडनेरा किंवा अमरावती, मग परतवाड्यावरून घाट. नागपूरकर, अकोलेकर यांनी आंबोलीचा विचार कशाला करायचा, असा प्रश्न पडेल. पण बेडकांचं वेड असलेलं मूल घरात असेल तर तो लांबचा प्रवास सार्थकी लागतो.

खर्चात चिखलदरा जड. जिप्सी, वाटाड्या, प्रवेशशुल्क, कॅमेरा असं सगळं वेगवेगळं धरावं लागतं. जिप्सीचं भाडं गाडीमागे असल्याने दोन छोटी कुटुंबं मिळून गेली तर परवडतं. नोंदणी आधीच करा. नाताळात ऐनवेळी जागा मिळत नाही. आंबोलीत राहण्याखेरीज मोठा खर्च म्हणजे रात्रीच्या फेरीचे वाटाड्याचे पैसे. तिथे घासाघीस करू नका.

मी काय ठरवेन

मूल आठच्या आतलं, चळवळं, दर दोन मिनिटांनी "हे काय" विचारणारं: आंबोली, सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी. मुलं दहाच्या पुढची, दुर्बीण धरता येणारी, गप्प बसू शकणारी: चिखलदरा, फेब्रुवारी-मार्चचा एखादा लांब शनिवार-रविवार. परीक्षेचं बघून.

दम्याचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर आंबोलीचा ऐन पावसाळा टाळा. खोलीतल्या गाद्यासुद्धा ओलसर लागतात. गुडघे दुखणारे आजी-आजोबा येणार असतील तर मात्र चिखलदरा बरं, कारण गवा बघायला तिथे पायरी उतरावी लागत नाही. फक्त जिप्सीत त्यांना पुढे, चालकाशेजारची जागा मागा. मागच्या सीटवर दगडगोट्यांचे धक्के फार बसतात.