बंकर बघायला गेलो, निघालं सरकारी ऑफिस

लंडनची चर्चिल वॉर रूम्स, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आणि त्यांचं मंत्रिमंडळ जिथून युद्ध चालवायचं ती जागा, आता म्युझियम. पाचपैकी पाच, आणि हे दोनदा जाऊन लिहितोय, कारण आमच्या टूरवाल्याने (नाव घेत नाही) तिथे जेमतेम पाऊण तास ठेवलेला, त्यात काय डोंबल बघणार, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत स्वतःच्या पैशाने गेलो. तिकीट स्वस्त नाहीये पण वसूल होतं.

डोक्यात काय होतं, तर पोलादी दारं, भुयारं वगैरे. प्रत्यक्षात पार्लमेंटजवळच्या सरकारी इमारतीचं तळघर आहे हो! सामान ठेवायची जागा रिकामी करून ऑफिस थाटलं, २७ ऑगस्ट १९३९ ला चालू केलं आणि बरोब्बर एका आठवड्याने ब्रिटनने युद्ध पुकारलं. गंमत म्हणजे तेव्हा डोक्यावर बॉम्ब झेलण्यासारखं काही नव्हतंच. १४ ऑक्टोबर १९४० ला शेजारीच बॉम्ब पडला, पंतप्रधानांच्या घराचं नुकसान झालं, तेव्हा कुठे जाग आली आणि वर काँक्रीटचा थर ओतायला घेतला, काही ठिकाणी दीड मीटर जाड. आधी अपघात, मग गतिरोधक, हे फक्त आपल्याकडेच चालतं असं मला वाटायचं.

माझी सगळी नोकरी टेबलावर गेली, त्यामुळे मी मॅप रूममध्येच अडकलो. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स, तिघांचे अधिकारी चोवीस तास पाळीने बसायचे, मधोमध रंगीबेरंगी फोनांची रांग, आणि आलेली बातमी नकाशावर टाचण्यांनी लावायची. अटलांटिकच्या नकाशाजवळ जाऊन बघा, जहाजांच्या टाचण्या हलवून हलवून कागदाची अक्षरशः चाळण झालीय. मी तिथे किती वेळ उभा होतो देव जाणे, मागून आमच्या हिने दोनदा कोपर मारलं.

बाकी किस्से ऑडिओ गाईडवर आहेत, ते कानाला लावाच. एका दाराला संडासाच्या दारासारखी कडी आहे, लोकांना वाटायचं साहेबांचा खासगी संडास, आत होता वॉशिंग्टनला जोडलेला गुप्त फोन. आवाज सांकेतिक करणारं मशीन इतकं अवाढव्य की ते इथे मावेना, शेवटी सेल्फ्रिजेस दुकानाच्या तळघरात बसवलं आणि तिथून वायर ओढली. स्टाफला खाली कळायचं नाही की बाहेर ऊन आहे की पाऊस, म्हणून हवामानाची पाटी, आणि जोरात बॉम्बिंग चालू असलं की त्यावर "सोसाट्याचा वारा" लावायचे. टायपिंगचा खडखडाट चर्चिलना खपायचा नाही म्हणून कमी आवाजाचे टाइपरायटर आणलेले. आणि त्यांची ती बेडरूम, सगळे तिचेच फोटो काढतात, पण तिथे ते रात्री झोपले म्हणे मोजून तीन. टायपिस्ट पोरी मात्र त्याच्याही खालच्या मजल्यावर, वाकून चालावं लागेल एवढ्या बुटक्या जागेत, उंदरांच्या सोबतीला.

कॅबिनेट रूममध्ये चर्चिलच्या खुर्चीच्या हातांवर त्यांच्या नखांचे आणि अंगठीचे ओरखडे दाखवतात, टेन्शनमध्ये ओरबाडलेले. इथे ११५ बैठका झाल्या. ते ओरखडे बघताना माझ्या डोक्यात बंगाल आला, खोटं कशाला बोलू. याच वॉर कॅबिनेटकडे १९४३ च्या दुष्काळात धान्यासाठी जहाजं मागितली होती आणि मागितली त्याच्या मानाने फार थोडी मिळाली, लाखो माणसं मेली. युद्धात लढायला मात्र त्यांना आपले २५ लाख सैनिक चालले. तरी बघावं, उलट आपण तर नक्की बघावं.

१६ ऑगस्ट १९४५ ला मॅप रूमचे दिवे सहा वर्षांत पहिल्यांदा बंद केले आणि मंडळी घरी गेली. वह्या, नकाशे जागच्या जागी. १९८४ ला सामान्य लोकांसाठी उघडलं. त्या सुमारास एका टेबलाच्या खणात पाकीट सापडलं, आत एका विंग कमांडरने रेशनमधून वाचवून ठेवलेले साखरेचे खडे, ते आजही ठेवलेत. मी एकदम भारावून वगैरे गेलेलो, आणि ही शांतपणे म्हणते, "इतकी वर्षं साखर खणात, आणि मुंगी नाही लागली? जागा कोरडी आहे हो!"