मिरजेतलं एक हॉस्पिटल: कॅज्युअल्टीला पाच तारे, बिलिंगला दोन

नाव लिहीत नाही. पुढं कौतुकाच्या जोडीनं कटकटही आहे, आणि दादांची फाईल अजून तिथंच चालू आहे.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, वय ५६, तासगावजवळ द्राक्षबाग. छाटणीच्या दिवसांत सकाळी बागेतच छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा दुखायला लागला, बनियन घामानं चिंब. तरी "पित्त झालंय" म्हणत सोडा पिऊन बसलेले. वहिनींनी काही ऐकून घेतलं नाही म्हणून बरं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ॲस्पिरिन चावून खायला लावली, रक्ताची गुठळी होऊ न देणारी आणखी एक गोळी दिली आणि ईसीजीचा फोटो मिरजेला व्हॉट्सॲप केला. फोनवर दोनच प्रश्न विचारले: "कॅथलॅब मोकळी आहे? सर आत्ता आत आहेत?" (कॅथलॅब म्हणजे हृदयाच्या बंद नळ्या उघडायची खोली, सर म्हणजे ते काम करणारे हृदयाचे डॉक्टर.) उत्तर 'नाही' असं आलं असतं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ते तिथंच देणार होते.

आमची गाडी दारात लागली तेव्हा १०:४० झाले होते. स्ट्रेचर बाहेर येऊन थांबलेलं. केसपेपर, डिपॉझिट, आधार कार्ड, कुणी काही मागितलं नाही. पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला पाहिजे असं म्हणतात; इथं तर गावचा ईसीजी हातात असताना दुसरा काढूनही झाला. मग ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर मॅडमनी छातीच्या उजव्या अंगाला लीड्स लावून आणखी एक पट्टी काढली. मी म्हटलं, हृदय तर डावीकडं असतंय. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "अटॅक खालच्या भिंतीचा आहे काका, यात उजवा कप्पाही सापडतो, तो बघतेय." सापडलाच होता. बीपी ९० वर आलेलं. तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या एका पाहुण्यानं खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, काढली, जिभेखाली ठेवा म्हणून. मॅडमनी ती गोळी सरळ स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात टाकली. "ही दिली तर बीपी अजून पडेल," म्हणाल्या आणि सलाईन वाढवलं. पाहुणे रुसले, रुसू देत.

दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद नळी फुग्यानं उघडावी, असा दंडक आहे. दादांचं काम ११:५० ला झालं, मनगटातूनच. सर बाहेर आले आणि ईसीजीच्या कागदामागं पेनानं तीन नळ्या काढून दाखवल्या. "उजवी पूर्ण बंद होती, उघडली, एक स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, घातलाय. डावीत साठ टक्क्यांचा एक अडथळा आहे, त्याला हात लावत नाही. गोळ्यांवर बघू." घाबरलेल्या माणसांकडून दुसऱ्या स्टेंटची सही घेणं त्या क्षणी काही अवघड नव्हतं. मी तर कुठंही केली असती.

आयसीयूही चोख. रात्री ठोके मागंपुढं झाले तेव्हा सिस्टर मॉनिटर ओरडायच्या आधीच कॉटपाशी उभ्या होत्या.

आता बाकीचं. जनरल वॉर्डात आल्यावर पहिल्याच ताटात पापड आणि लोणचं. हृदयाच्या पेशंटला! डायटिशियनचा कागद वेगळाच: ओट्स, ऑलिव्ह ऑईल, ब्रोकोली. ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण चालतं का, हे विचारायला मला तीन टेबलं फिरायला लागली. (चालतं. मीठ कमी.)

बिलात स्टेंटची किंमत सरळ होती, डब्यावरचं स्टिकर फाईलला चिकटवलेलं. एकेकाळी लाखाच्या पुढं जाणारा औषधाचा लेप असलेला स्टेंट सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर आणून बांधला; पुढं आकडा बदलत राहिला, पण मर्यादा आहे. मात्र स्टेंटच्या खाली 'कन्झ्युमेबल्स' (वापरून टाकायचं सामान) म्हणून एकच ओळ, आणि ती स्टेंटपेक्षा जाड. फोड मागितली तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सिस्टीमच तसं काढते." विम्याच्या कॅशलेस मंजुरीसाठी सकाळीच डिस्चार्ज सांगितलेला माणूस दिवे लागेपर्यंत कपडे घालून कॉटवर बसून.

सगळ्यात मोठी चूक मात्र डिस्चार्जची. कार्ड इंग्रजीत, गोळ्यांची नुसती ब्रँड नावं. यातल्या दोन गोळ्या सहसा वर्षभर बरोबर चालवायच्या असतात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा दात काढायचा झाला तरी सरांना न विचारता सोडायच्या नाहीत, नाहीतर स्टेंटमध्येच गुठळी होऊन परत अटॅक येऊ शकतो, हे कुणीच बसून सांगितलं नाही. सांगितलं ते रात्रपाळीच्या एका सिस्टरनं, लिफ्टपाशी, स्वतःहून. पाकिटांवर मार्करनं खुणाही करून दिल्या. दादा आजही गोळ्या त्या खुणा बघूनच घेतात.

फॉलोअपला जाणार असाल तर टोकनवरच्या वेळेवर विसंबू नका. अकराचं टोकन असलं की नंबर दोनला लागतो. सर गडबड करत नाहीत, त्यामुळं रांग तुंबते. डबा घेऊन जा, कँटीनच्या वड्याच्या वासात दादांना आवरणं अवघड जातं.