डायनोच्या कागदावर वाढलेले 32 पीएस

माझी गाडी 2020 ची पोलो. 1.0 लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल, कंपनीचा आकडा 110 पीएस (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं एकक, अश्वशक्ती). दिवाळीच्या आधी पुण्याजवळच्या एका ट्यूनरकडे ती रिमॅप करायला दिली. रिमॅप म्हणजे ईसीयूमधलं, इंजिन चालवणाऱ्या संगणकातलं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. त्याचे 28 हजार आणि डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडीची चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर, आधी-नंतर मोजणी करायचे 6 हजार, असे 34 हजार रुपये मोजले. नाव लिहीत नाही, कारण तक्रार सुरू आहे. पण कागदावर काय खेळ केला जातो ते कळलं, तर निदान दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील.

गाडी ट्रॅफिकमधून तापून आलेली होती. तशीच रोलरवर चढवली, पट्टे आवळले, बोनेट बंद, समोरचा मोठा पंखाही बंद. पहिल्या मोजणीत 105 पीएस आले. ट्यूनर म्हणाला, "बघा दादा, कंपनीपेक्षा पाच कमीच आहेत. गाडी दमलीये." मला वाईट वाटलं, आणि तिथेच मी त्याच्या बाजूला झुकलो. दोन तासांनी रिमॅप झाल्याचं सांगून दुसरी मोजणी केली. या वेळी बोनेट उघडं होतं, पंखा जोरात चालू होता. आकडा आला 137.6. तो ग्राफ मी घरी सगळ्यांना दाखवला.

येताना गाडी चपळ वाटली. खरंच वाटली. पण पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात नेहमीच्या चढावर नेहमीसारखाच तिसरा गिअर टाकावा लागला. तीस पीएस वाढल्यावर असं होत नाही. घरी आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून पहिल्यांदा नीट वाचले. तोवर मी फक्त ठळक छापलेला आकडा बघितला होता.

रोलर डायनो इंजिनाची ताकद थेट मोजत नाही. तो चाकांवर पोचलेली ताकद मोजतो. मग गिअर तसाच ठेवून क्लच दाबायचा आणि रोलर आपोआप मंदावू द्यायचा. तो किती झपाट्याने मंदावतो यावरून गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर यांत किती ताकद खर्च होते ते मशीन काढतं. चाकांवरचा आकडा अधिक हा तोटा, म्हणजे इंजिनाची ताकद. हवा विरळ किंवा गरम असली की इंजिनाची ताकद घटते, म्हणून ती घट भरून काढायला तिला शेवटी हवामानाच्या गुणकाने गुणतात.

माझ्या पहिल्या कागदावर चाकांवर 89, तोटा 16, बेरीज 105, गुणक 1.00. दुसऱ्यावर चाकांवर 95, तोटा 29, बेरीज 124, गुणक 1.11.

गाडी तीच, टायर तेच, दोन्ही वेळा चौथाच गिअर. मग तोटा 16 वरून 29 कसा होईल? रिमॅप गिअरबॉक्सला हातही लावत नाही. गिअरबॉक्सचं तेल थोडं गार-गरम झालं तरी तोटा किंचितच बदलायला हवा. उत्तर माझ्या धाकट्या भावाच्या मोबाईलमध्ये सापडलं. त्याने हौसेने मागून व्हिडिओ काढला होता. दुसऱ्या मोजणीत इंजिनाचा आवाज उतरतो, रोलर मंदावू लागतो, आणि गाडीचे ब्रेकलाइट लागलेले स्वच्छ दिसतात. आत बसलेल्या माणसाने ब्रेकवर पाय ठेवला होता. ब्रेकने अडवलेली ताकद मशीनने गिअरबॉक्सचा तोटा समजून इंजिनाच्या खात्यात जमा केली.

गुणकाची गोष्टही तशीच. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, हवा विरळ, म्हणून गुणक एकापेक्षा थोडा जास्त येणं बरोबर आहे. पण मग तो दोन्ही मोजण्यांना लावायला हवा. पहिल्या वेळी तो बंदच ठेवला होता. दुसऱ्या कागदावर हवेचं तापमान 43 अंश छापलंय. त्या दिवशी बाहेर 28 होतं. सेन्सर गरम इंजिनाजवळ ठेवला की तापमान चढतं, त्याबरोबर गुणकही चढतो. शिवाय टर्बो इंजिन हवा दाबून आत भरतं, म्हणून विरळ हवेची बरीचशी भरपाई स्वतःच करतं, त्यामुळे त्याला पूर्ण गुणक लावणं हेच मुळात फुगवणं आहे.

आता हे खोटे तुकडे काढून टाका. 95 अधिक 16, म्हणजे 111. कंपनी सांगते तेवढेच! चाकांवर वाढलेले सहा पीएस पंख्याचे आणि उघड्या बोनेटचे, म्हणजे इंजिनाला मिळालेल्या गार हवेचे.

खात्री करायला दुसऱ्या शहरातल्या, रिमॅप न विकणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने पंखा चालू ठेवून, टायरमधली हवा तपासून लागोपाठ तीन मोजण्या घेतल्या. चाकांवर 94, 95, 95. मग ईसीयू बाहेर काढून बेंचवर वाचला आणि मूळ फाईलशी ताडून पाहिला. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. 28 हजार ज्या कामाचे घेतले ते काम झालंच नव्हतं, याचा राग मला अजून आवरत नाही.

तुम्ही जाणार असाल तर आधीच सांगा की मला चाकांवरचा आकडा, तोटा आणि गुणक तिन्ही वेगळे छापून हवेत, आधीचे आणि नंतरचे. पंखा, बोनेट, गिअर, टायरची हवा दोन्ही वेळा सारखी ठेवायला लावा. आणि एका माणसाला गाडीच्या मागे उभं करून ब्रेकलाइटसकट व्हिडिओ काढायला सांगा. "तोटा पंधरा टक्के धरायचाच असतो" असं कुणी म्हणालं तर थांबा. सगळ्या गाड्यांना लागू पडेल अशी एक ठरावीक टक्केवारी नसते.

मी दोन्ही कागद आणि व्हिडिओ घेऊन ट्यूनरकडे परत गेलो. तो म्हणाला, "ग्राफ तुमच्यासमोरच काढलाय ना साहेब?" मी ब्रेकलाइटचा भाग थांबवून दाखवला, तेव्हा 10 हजार परत देतो म्हणाला, पण आधी व्हिडिओ पुसायची अट घातली. मी पुसला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, आणि उरलेल्या 24 हजारांसकट सगळी रक्कम मागितली आहे.